कोल्हापुरात राहून छपाई-प्रकाशनाच्या व्यवसायात अधिकारी व्हायचं तर

बी.कॉम. किंवा एमबीए झालेली कोल्हापूरची मुलं नोकरी शोधायला लागली की बँक, फाउंड्री, साखर कारखाना आणि पुण्याची आयटी कंपनी ही नावं घेतात. छपाई आणि प्रकाशन सहसा कुणाच्या यादीत नसतं. प्रेस म्हणजे शाईचे हात, असं घरच्यांनाही वाटतं. पण प्रत्येक बऱ्या प्रेसला आणि प्रकाशनसंस्थेला एक माणूस हवाच असतो. ग्राहकाशी बोलणारा, दर काढणारा, कागद आणवणारा, तारीख पाळणारा आणि पैसे वसूल करणारा. कार्डावर त्याचा हुद्दा मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह, प्रॉडक्शन मॅनेजर, बिझनेस मॅनेजर असा काहीही असतो. चांगली माणसं इथे कमी आहेत, म्हणून शिकलेल्याला वर जायला वाव मोठा आहे.

आपल्या गावाला छापील कागदाची ओळख जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. ‘पुढारी’ १९३९ पासून दैनिक म्हणून निघतो. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आलं आणि पाठ्यपुस्तकं, प्रश्नपत्रिका, प्रबंध यांचं काम वाढलं. वृत्तपत्रं छापणारी वेब ऑफसेट यंत्रं बनवणाऱ्या ‘मनुग्राफ’चा कारखाना शिरोलीत उभा राहिला आणि इथे बनलेल्या यंत्रांवर दूरदूरची वर्तमानपत्रं छापली गेली. मराठीतल्या मोठ्या प्रकाशनसंस्थांपैकी एक, मेहता पब्लिशिंग हाऊस; तिची मुळं कोल्हापूरच्या अजब पुस्तकालयात आहेत. तेव्हा हा व्यवसाय शिकायला गाव सोडावं लागत नाही.

पायरी पहिली : कुठल्या दाराने आत जायचं ते ठरवा

कोल्हापुरात चार दारं आहेत आणि चारही ठिकाणचं काम वेगळं आहे.

वर्तमानपत्रात शिरलात तर जाहिरात किंवा वितरण, यांपैकी एक विभाग मिळेल. जाहिरातीत चौरस सेंटीमीटरचा दर, एजन्सीचं कमिशन, पुरवण्यांचं नियोजन आणि नेत्यांच्या वाढदिवसांच्या तारखा तोंडपाठ लागतात. वितरणात पहाटेच्या गाड्या, एजंटाचं डिपॉझिट आणि परत आलेले अंक. पगार वेळेवर, शिस्त कडक. मात्र कागद आणि यंत्र यांच्याशी तुमचा संबंध फारसा येत नाही.

जॉब प्रेस म्हणजे पत्रिका, बिलबुकं, अहवाल, माहितीपत्रकं, पावती पुस्तकं छापणारी प्रेस. शिवाजी उद्यमनगर, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी अशा भागांत लहानमोठ्या मिळून पुष्कळ सापडतील. माझं ठाम मत आहे की नवख्याने पहिली दोन वर्षं इथेच काढावीत. दिवसाला दहा प्रकारची कामं समोर येतात आणि प्रत्येकाचा कागद, आकार, बाइंडिंग वेगळं असतं. इतकं शिक्षण दुसरीकडे कुठे मिळत नाही.

तिसरं दार पुस्तक प्रकाशनाचं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

चौथं पॅकेजिंगचं, आणि तरुणांनी याच्याकडे जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. कोल्हापुरी गूळ आणि कोल्हापुरी चप्पल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. कांदा-लसूण मसाला, काकवी, दुधाचे पदार्थ, हुपरीचे चांदीचे दागिने, सगळ्यांना खोकं लागतं, लेबल लागतं. आजवर पोत्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून जाणारा माल आता ऑनलाइन विकला जातो, त्यामुळे त्याला छापील वेष्टन आलं. डुप्लेक्स बोर्ड, डाय पंचिंग, लॅमिनेशन, पेस्टिंग ही भाषा ज्याला येते त्याच्यासाठी गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत काम आहे. खाद्यपदार्थाच्या लेबलावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक, निव्वळ वजन, घटक, उत्पादनाची तारीख, बॅच आणि किंमत हे सगळं लागतं. घरगुती उद्योग करणाऱ्या ताईंना ते ठाऊक नसतं. तुम्ही सांगितलंत तर त्या दुसऱ्या प्रेसकडे जाणार नाहीत.

शिक्षणाचं थोडक्यात. बी.कॉम. पुरतं. एमबीए करायचं तर विद्यापीठ आणि सायबर ही व्यवस्थापन संस्था दोन्ही गावातच आहेत. छपाईचं तांत्रिक शिक्षण हवं असेल तर मुंबईची शासकीय मुद्रण तंत्र संस्था आणि पुणे विद्यार्थी गृहाचं महाविद्यालय ही नावं पूर्वीपासून ओळखीची आहेत. नॅशनल बुक ट्रस्ट पुस्तक प्रकाशनाचे छोटे अभ्यासक्रम घेतो, पुस्तकांकडे ओढा असणाऱ्याने तिकडे जरूर पाहावं. पण पदवी नसलेली, यंत्रावरून वर आलेली आणि आज अख्खी प्रेस चालवणारी माणसंही या गावात आहेत.

पायरी दुसरी : आधी यंत्रावर उभे राहा

रुजू होताना मालकांना एकच विनंती करा : ‘पहिले तीन महिने मला खाली ठेवा.’ बहुतेक मालक खूश होतात.

सुरुवात डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवण्याच्या, टेबलापासून. मराठी छपाईतली निम्मी दुखणी इथेच सुरू होतात. ग्राहक मजकूर पाठवतो युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर टाइप करतो तसा. ऑपरेटरकडे श्रीलिपीसारख्या प्रणालीतले जुने फॉन्ट असतात, कारण त्यांची वळणं लोकांच्या डोळ्यांत बसलेली आहेत. मग मजकूर एका सांकेतिकेतून दुसरीत बदलावा लागतो आणि त्या बदलात अक्षरं मोडतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र, ‘शृंगार’मधला शृ, ‘ज्ञ’, रफार, ‘ॲ’. ही ठरलेली ठिकाणं आहेत. बदललेला मजकूर आला की आधी ही अक्षरं शोधून पाहायची सवय लावा. आकड्यांचंही तसंच : ताळेबंदात मराठी अंक आणि इंग्रजी अंक मिसळले की सभेत बोट तिथेच ठेवलं जातं.

चित्रांच्या बाबतीत ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगा की फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. दाबून लहान झालेला फोटो पडद्यावर झकास दिसतो, कागदावर फुटतो. छपाईच्या आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरायचं. कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीची जागा सोडायची. पडद्यावरचा झगझगीत केशरी किंवा निळा चार रंगांच्या छपाईत तसाच उतरत नाही, हे ग्राहकाला छापण्यापूर्वी दाखवायचं. छापल्यावर सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

तिथून प्लेटकडे या. सीटीपीवर (संगणकावरून थेट प्लेट काढणाऱ्या यंत्रावर) प्लेट निघते तेव्हा फॉर्ममध्ये, म्हणजे एका शीटवर एकत्र छापायच्या पृष्ठांच्या गटात, पृष्ठं कशी मांडलेली असतात ते पाहा. एक कोरा कागद घेऊन स्वतः घड्या घाला, १६ पृष्ठांना आकडे द्या आणि उलगडून पाहा. पृष्ठ १ च्या शेजारी १६ का येतं, हे एकदा हाताला कळलं की मांडणीतली चूक तुम्ही लांबून ओळखाल.

मशिनमनच्या शेजारी उभं राहणं हा सगळ्यात मोलाचा भाग. शाई आणि पाणी यांचा तोल, चार रंग एकमेकांवर बसवणं, सुरुवातीचे शे-दीडशे कागद वाया का जातात, ओल्या शाईवर थप्पी चढवली की मागच्या बाजूला डाग कसा पडतो. मशिनमनला प्रश्न विचारा, पण यंत्र चालू असताना विचारू नका. सुट्टीत चहा पिताना तो मन मोकळं करून सांगेल. त्याला ‘मामा’ म्हणा, ‘दादा’ म्हणा, पण नावाने हाक मारू नका. वीस वर्षं एकाच यंत्रावर काढलेल्या माणसाला आवाजावरून कळतं की रोलर कुठे कमी-जास्त लागतोय.

शेवटी बाइंडिंग. घडी, जुळणी, शिवण, गोंद, कटिंग. बहुतेक ठिकाणी हे काम बायका करतात आणि दिलेली तारीख पाळली जाते की नाही ते इथेच ठरतं. छपाई एका रात्रीत उरकते, बाइंडिंगला दिवस लागतात. नवखा अधिकारी छपाईचा वेळ धरून तारीख देतो. तुम्ही बाइंडिंगचा वेळ धरून द्या.

पायरी तिसरी : कागदाचा हिशेब

छापील कामाच्या खर्चात कागदाचा वाटा बहुधा सगळ्यात मोठा. ज्याला कागद मोजता येतो त्याला दर काढता येतो आणि ज्याला दर काढता येतो त्याला मालक बरोबरीने बसवतात. म्हणून ही पायरी सावकाश चढा.

रीम म्हणजे ५०० शीट. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. कागद किलोवर विकला जातो, त्यामुळे रीमचं वजन काढता आलं पाहिजे. सूत्र सोपं आहे : शीटची लांबी आणि रुंदी इंचात, त्यांचा गुणाकार गुणिले जीएसएम, आणि येईल त्याला ३१०० ने भागा. उत्तर किलोत.

आता एक पुस्तक घेऊ. डेमी आकार, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. १६० पृष्ठं, १००० प्रती, ७० जीएसएम मॅपलिथो (पुस्तकांचा साधा पांढरा कागद), शीट २३ बाय ३६ इंची. या शीटच्या एका बाजूला १६ पृष्ठं बसतात, दोन्ही बाजू मिळून ३२. १६० भागिले ३२, म्हणजे एका प्रतीला ५ शीट. हजार प्रतींना ५००० शीट, म्हणजे १० रीम. रीमचं वजन २३ गुणिले ३६ गुणिले ७० भागिले ३१००, साधारण १८.७ किलो. दहा रीम १८७ किलो. वाया जाणारा कागद ५ टक्के धरला तर साडेदहा रीम, सुमारे १९६ किलो. त्याला त्या दिवशीच्या किलोच्या दराने गुणा. दर त्या दिवशीचाच घ्यायचा, मागच्या महिन्याचं बिल बघून नाही.

प्लेट आणि छपाई : शीट मधोमध कापून १८ बाय २३ केली तर एका फॉर्ममध्ये १६ पृष्ठं येतात, एका बाजूला ८. १६० पृष्ठांचे १० फॉर्म, एकरंगी कामाला २० प्लेटा, आणि हजार प्रतींसाठी २०,००० इंप्रेशन, म्हणजे यंत्रावरचे छाप. मुखपृष्ठ वेगळं : चार रंग, चार प्लेटा, आर्ट कार्ड (जाड गुळगुळीत कागद), त्यावर लॅमिनेशन. मग बाइंडिंग, वाहतूक आणि डीटीपीचे पृष्ठागणिक पैसे. हे सगळं एका कागदावर मांडलं की कोटेशन तयार.

यातून एक गोष्ट लगेच लक्षात येईल. लेखकाचं पुस्तक १६४ पृष्ठांचं भरलं तर त्या ४ पृष्ठांसाठी वेगळी प्लेट, वेगळी छपाई आणि बाइंडिंगला एक सुटा तुकडा येतो. अशा वेळी संपादकाशी बोला. चार पृष्ठं आवरता येतील का, की १७६ करून मोठ्या टायपात वाचकाच्या डोळ्यांना सुख द्यावं? हा सल्ला देणारा अधिकारी प्रकाशकाला हवाहवासा वाटतो.

कागदाला धारही असते, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा. एक चिटोरा उभा फाडा, एक आडवा. जो सरळ फाटतो त्या दिशेने धार. पुस्तकात ही धार पाठीला समांतर हवी. आडवी गेली की पुस्तक नीट उघडत नाही आणि पावसाळ्यात पानांना लाटा येतात. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये हे चटकन दिसतं.

एक हजारापेक्षा खूप कमी प्रती हव्या असतील, दोनशे-तीनशे, तर डिजिटल छपाईचा दरही काढून बघा. तिथे प्लेट नसते, त्यामुळे थोड्या प्रतींना परवडतं, प्रती वाढल्या की ऑफसेट, म्हणजे प्लेटवरची छपाई, स्वस्त पडतं. दोन्ही आकडे ग्राहकासमोर ठेवा, आपल्याकडे ऑफसेट यंत्र असलं तरी.

पायरी चौथी : कोल्हापूरचं छपाईचं पंचांग पाठ करा

मुंबई-पुण्याच्या प्रेसपेक्षा इथलं वर्ष वेगळं चालतं, कारण इथला मोठा ग्राहक सहकारी संस्था आहे. साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था, गावोगावच्या विकास सेवा संस्था. कायद्याने सहकारी संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभेआधी सभासदांच्या हातात नोटीस आणि अहवाल जायला हवा. त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापासून जिल्ह्यातल्या सगळ्या संस्था एकाच वेळी प्रेसच्या दारात उभ्या राहतात. त्याच दिवसांत गणेशोत्सव, तालीम मंडळांची पावती पुस्तकं आणि कार्यक्रमपत्रिका. दिवाळी अंकांचं कामही तेव्हाच सुरू झालेलं असतं. वर पाऊस.

या दीड-दोन महिन्यांत जो अधिकारी तग धरतो त्याचं नाव जिल्ह्यात होतं. त्यासाठी मे-जूनपासूनच तयारी करावी लागते.

जूनमध्ये मागच्या वर्षीच्या अहवाल-ग्राहकांची यादी काढा आणि सचिवांना प्रत्यक्ष भेटा. सभेची संभाव्य तारीख विचारा. लेखापरीक्षण झाल्याशिवाय ताळेबंदाची पानं अंतिम होत नाहीत, पण बाकीची होतात. मुखपृष्ठ, संस्थापकांचा फोटो, संचालक मंडळ, चेअरमनांचं मनोगत, श्रद्धांजलीची यादी, पोटनियम दुरुस्ती. हे आधी लावून, तपासून, सही घेऊन ठेवा. आकड्यांची पानं हाती आली की फक्त तेवढेच फॉर्म उरतात.

संचालकांच्या फोटोंचा क्रम सचिवांकडून लेखी घ्या. कुणाचा फोटो किती मोठा, कोण कुणाच्या शेजारी, ‘माजी’ कुणाच्या नावामागे, ‘कै.’ लावायचं राहिलं की चुकून हयात माणसाला लागलं. अशी चूक अख्खी आवृत्ती पुन्हा छापायला लावते. शेवटच्या प्रुफावर ‘छापण्यास हरकत नाही’ असं लिहून सचिवांची सही, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय प्लेट काढू नका. सचिव म्हणतील, ‘आमचा विश्वास हाय की ओ तुमच्यावर!’ नम्रपणे सही घ्याच.

कागद जूनमध्ये भरून ठेवा. बहुतेक कागद बाहेरून ट्रकने येतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. ज्याच्या गोदामात कागद होता त्याची प्रेस चालली. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीच्या सखल भागात गोदाम असेल तर तळमजल्यावर कागद नको, आणि कुठेही असलं तरी जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर हवा. रीमचं वेष्टन छपाईच्या आधी फोडून ठेवू नका. दमट हवेत कागद ओल धरतो, ताणतो, आणि चार रंग एकमेकांवर बसत नाहीत.

बाकीचं वर्ष जरा मोकळं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, त्याआधी वजनपावत्या आणि तोडणी-वाहतुकीची स्टेशनरी. डिसेंबरपर्यंत कॅलेंडरं आणि डायऱ्या. तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिका, त्या पार ज्येष्ठापर्यंत. पत्रिकेत नावांची यादी लांबत जाते आणि ‘आमचे येथे श्री कृपेकरून’च्या खाली कुठला पाहुणा राहिला यावरून घरात भांडणं होतात, तेव्हा तिथेही सही. मार्चला ग्रंथालयांची खरेदी आणि संस्थांची खतावणी, जूनला शाळा. हे पंचांग एका मोठ्या कागदावर लिहून टेबलासमोर लावा आणि प्रत्येक मोसमाच्या दोन महिने आधी त्या ग्राहकांकडे फेरी मारा.

पायरी पाचवी : कायद्याच्या चार गोष्टी

निवडणुकीचं काम घेताना लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२७अ वाचाच. पत्रक किंवा भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं आणि पत्ते छापलेच पाहिजेत. प्रकाशकाकडून दोन प्रतींत घोषणापत्र घ्यायचं. त्यावर त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षांकित सह्या हव्यात. छापल्यावर घोषणापत्राची प्रत आणि छापील नमुना जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कार्यकर्ता रात्री अकराला येतो, ‘उद्या सकाळी गठ्ठे पायजेत’ म्हणतो. कागद भरून घेतल्याशिवाय यंत्र सुरू होऊ देऊ नका, पाहुणा असला तरी.

साप्ताहिक किंवा मासिक छापायला आलं तर नोंदणी विचारा. १८६७ चा जुना कायदा गेला. त्याच्या जागी प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. शीर्षक आणि नोंदणीचे अर्ज आता प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतात.

तिसरी गोष्ट जीएसटीची. छापील पुस्तकावर कर नाही, पण कागदावर आणि छपाईवर आहे. पुस्तक करमुक्त असल्याने प्रकाशकाला तो आधी भरलेला कर वळता करून मिळत नाही. तो खर्चच. नवे प्रकाशक किंमत ठरवताना हे धरत नाहीत आणि वर्षअखेरीला सीएकडे गेल्यावर त्यांना कळतं. कोटेशनमध्ये कर वेगळ्या ओळीत लिहा.

चौथी कॉपीराइटची. गुगलवरून उचललेला फोटो मुखपृष्ठावर टाकायचा नाही. गावात उत्तम चित्रकार आणि छायाचित्रकार आहेत. त्यांना पैसे द्या, लेखी परवानगी घ्या.

पायरी सहावी : वसुली

बिल झालं म्हणजे काम झालं असं नाही. संस्थेचा अहवाल गेला, सभा झाली, चेअरमन खूश झाले, आणि धनादेश पुढच्या मीटिंगच्या मंजुरीसाठी थांबला, असं वारंवार होतं. म्हणून ऑर्डर घेतानाच तीन टप्पे लिहून घ्या : कागदाची रक्कम आधी, थोडी प्रुफावर सही होताना, उरलेली माल उचलताना. कागदाचे पैसे आगाऊ मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. कागदवाला तुम्हाला उधारी किती दिवस देतो?

तुमची प्रेस सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम पोर्टलवर नोंदलेली असेल तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याचं संरक्षण आहे. खरेदीदाराने ठरल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. गावातल्या संबंधांमुळे तिथवर सहसा कुणी जात नाही, पण उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापला आणि खाली ही एक ओळ टाकली की मोठ्या कंपन्यांचे लेखा विभाग फाइल लवकर हलवतात.

वसुलीला स्वतः जा. सोमवारी सकाळी नाही, महिनाअखेरीला नाही. लेखनिकाला विचारून जा, कारण धनादेश कुठल्या टेबलावर आहे हे त्यालाच ठाऊक असतं.

पायरी सातवी : पुस्तकांकडे वळायचं तर

तीन-चार वर्षं छपाईत मुरल्यावर पुस्तक प्रकाशनात गेलात तर तिथल्या लोकांपेक्षा एक पाऊल पुढे असाल, कारण खर्च तुम्हाला आतून कळतो. नवीन शिकायची ती किंमत, करार आणि विक्री.

किंमत निर्मितिखर्चाच्या साधारण चार ते पाच पट ठेवतात. हे ऐकून लेखक दचकतात, म्हणून त्यांना हिशेब दाखवा. समजा एका प्रतीचा खर्च ६० रुपये आणि किंमत २४०. वितरकाला ४० टक्के सूट दिली की हातात १४४ येतात. लेखकाची १० टक्के रॉयल्टी छापील किमतीवर, २४ रुपये. उरले १२०. हजार प्रतींची छपाई ६०,००० ची, म्हणजे ५०० प्रती विकल्या जाईपर्यंत प्रकाशक फक्त छपाईचे पैसे परत मिळवत असतो. ऑफिस, गोदाम, वाहतूक, भेटप्रती, फाटक्या प्रती हे सगळं उरलेल्या पाचशेंतून. दोन हजार छापल्या की एका प्रतीचा खर्च कमी दिसतो आणि मोह होतो. विकल्या न गेलेल्या हजार प्रती गोदामात वाळवी खाते. पहिली आवृत्ती लहान काढा, मागणी आली तर महिनाभरात दुसरी येते.

करार लेखीच करा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क हस्तांतरण लेखी लागतं. त्यात कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, रॉयल्टी किती, हे स्पष्ट हवं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क एकेक कलम करून लिहा. लेखकाला दरवर्षी, विक्री शून्य असली तरी, प्रतींचा हिशेब पाठवा. मराठी प्रकाशनात लेखक-प्रकाशक दुरावतात ते बहुतेक वेळा पैशांच्या रकमेपेक्षा न आलेल्या हिशेबामुळे, आणि हा हिशेब पाठवणं पूर्णपणे तुमच्या हातात असतं.

विक्रीत दुकानांइतकंच महत्त्व ग्रंथालयांना आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. शासनमान्य ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत आहेत आणि त्यांची खरेदी अनुदानाच्या हप्त्यांवर चालते. हप्ता कधी आला यावर कान ठेवा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाशी ओळख ठेवा, ग्रंथोत्सवात टेबल लावा, ग्रंथालय संचालनालयाच्या यादीसाठी आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या खरेदीसाठी पुस्तकं वेळेत पाठवा. कोल्हापूरला बसून सांगली, साताऱ्यासोबत बेळगाव, निपाणीचा वाचकही हाताशी येतो. पुण्याच्या प्रकाशकाला तो लांब पडतो. सीमाभागातल्या मराठी वाचनालयांना भेटी द्या. तिथे मराठी पुस्तकाची वाट पाहणारी माणसं आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याचं काम अजून फार कमी जणांनी केलं आहे.

पुस्तक छापायला देण्याआधी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्या. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो ऑनलाइन आणि विनामूल्य देते. १३ आकडी क्रमांक, भारतात ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा. कुणी दलाल पैसे मागत असेल तर देऊ नका. बांधीव आवृत्ती, साधी आवृत्ती आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात, तेव्हा मागतानाच मोजून मागा.

पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांच्या आत १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. बाइंडरकडून पहिला गठ्ठा आला की विक्रीच्या आधी या चार प्रती बाजूला काढा, पोस्टात टाका आणि पावत्या त्या पुस्तकाच्या फाइलला लावून ठेवा.